हँडहेल्ड जीपीएसवर उपग्रहचित्रे उतरवणे एवढे कटकटीचे का?

पायवाट
मी गेली आठ वर्षे हँडहेल्ड जीपीएस वापरतो आहे. वाट नोंदवणे, वेपॉइंट (ठरावीक जागेची खूण) टाकणे, परतीचा मार्ग दाखवणे ही कामे ते यंत्र मुकाट्याने करते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावर उपग्रहचित्रे चढवण्याच्या प्रकाराबद्दल. पुढच्या महिन्यात चार दिवसांची पायी भटकंती ठरली आहे. आधी दाट झाडी, मग उघडे पठार आणि तिसऱ्या दिवशी एक नदी ओलांडायची आहे. साध्या नकाशात नदी म्हणजे एक निळी रेघ असते. पात्र कुठे पसरट आहे आणि वाळूचे बेट कुठे आहे हे त्या रेघेवरून कळत नाही, म्हणून मला चित्र हवे आहे.

शनिवारी संध्याकाळी संगणकावर २० गुणिले २० किलोमीटरचा चौकोन आखला, सर्वांत वरचा दर्जा निवडला आणि डाउनलोड सुरू केले. रात्री अकराला ते ७१ टक्क्यांवर अडकले. चूक झाल्याचा संदेश आला नाही आणि आकडाही हलला नाही. प्रोग्रॅम बंद करून उघडला तर पुन्हा शून्यापासून सुरुवात! दुसऱ्या खेपेस ७३ टक्क्यांवर तोच प्रकार झाला. तिसऱ्या खेपेस रविवारी पहाटे 'पूर्ण झाले' असा संदेश दिसला, फाइली यंत्राच्या कार्डावर जायला आणखी पावणेदोन तास लागले, आणि यंत्र सुरू करून जवळून पाहतो तर पडद्यावर तोच जुना पिवळट नकाशा. मापपट्टी ८० मीटरची असेपर्यंत चित्र दिसते, ५० मीटरवर गेलो की ते नाहीसे होते. यात चूक माझी आहे, यंत्राची आहे की चित्रे पुरवणाऱ्यांची?

दोन सेल
पावणेदोन तास का होईना, फाइली गेल्या. म्हणजे तुमची केबल डेटाची आहे एवढे तरी सिद्ध झाले. मी एकदा सलग दोन दिवस यंत्र संगणकाला जोडत होतो, संगणक त्याला ओळखत नव्हता, आणि मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात गुंतलो होतो. शेवटी लक्षात आले की ती केबल फक्त चार्जिंगची होती. यंत्राचा पडदा उजळत होता, म्हणून केबलवर संशय घेण्याचे सुचलेच नाही.

रानभूल
माझे दुखणे याहून निराळे आहे. मी वर्षभराची वर्गणी भरून चित्रे घेतली होती आणि ती नीट दिसतही होती. यंत्र पाण्यात पडून निकामी झाले, त्याच बनावटीचे दुसरे घेतले, जुने कार्ड त्यात घातले, तर एकही चित्र उघडेना. त्या फाइली पहिल्या यंत्राच्या क्रमांकाला कुलूपबंद केलेल्या होत्या. कंपनीचे नाव घेत नाही, कारण अटींमध्ये ते लिहिलेले होते आणि मी त्या अटी न वाचताच 'मान्य' म्हटले होते. मुद्दा एवढाच की चित्रे विकत घेताना ती कार्डासाठी घेत आहोत की यंत्रासाठी, हे आधी विचारावे.

मोजणीदार
पायवाट, तुमच्या चौकोनाचे थोडे गणित करून पाहू. मला वाटते दुखणे तिथेच सापडेल.

वेबवरचे बहुतेक नकाशे २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या टाइलमध्ये कापलेले असतात. झूमचा आकडा जितका मोठा तितके चित्र जवळचे. विषुववृत्तावर झूम १७ ला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे १.२ मीटर, म्हणजेच एका टाइलची बाजू साधारण ३०५ मीटर. त्या हिशेबाने २० किलोमीटरच्या चौकोनाला झूम १७ वर सुमारे ४,३०० टाइल लागतात. एक पायरी वर गेले की टाइलची बाजू निम्मी होते आणि संख्या चौपट होते, म्हणून झूम १८ ला सुमारे १७,००० आणि झूम १९ ला ६८,०००हून जास्त. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितकी टाइल जमिनीवर लहान होत जाते आणि हे आकडे आणखी वाढतात. सर्वांत वरचा दर्जा मागितला म्हणजे तुम्ही एका रात्रीत ९०,०००च्या आसपास विनंत्या कोणाच्या तरी सर्व्हरला पाठवल्या. तो कधीतरी दार लावून घेणारच.

माझा अंदाज असा की खालच्या पायऱ्या आधी उतरल्या, मग सर्व्हरने नकार द्यायला सुरुवात केली, आणि तुमच्या प्रोग्रॅमने नकारालाच चित्र समजून जतन केले. कार्डावरच्या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत आणि त्यांचा आकार किती आहे, ते पाहून इथे लिहा.

चकवा
मोजणीदार यांच्या गणितात माझी एक भर. माझ्या हँडहेल्डचा पडदा २४० गुणिले ४०० पिक्सेलचा आहे. झूम १९ चे चित्र त्यावर पिक्सेलला पिक्सेल दाखवले तर जमिनीचा ७२ मीटर रुंद आणि १२० मीटर लांब तुकडा दिसेल. तेवढा भाग यंत्रातून मान वर काढली तर फुकट दिसतो, आणि त्याला डाउनलोडही करावे लागत नाही.

समोच्च
मला मूळ गरजच पटलेली नाही. पायी चालणाऱ्याला चढ किती, उतार किती आणि कडा कुठे हे हवे असते, आणि ते समोच्च रेषांमधून कळते. उपग्रहचित्रात झाडांचे शेंडे दिसतात; शेंड्यांखाली पाच मीटरची घळ असली तरी चित्र ती लपवते. शिवाय सपाट भासणारा हिरवा पट्टा प्रत्यक्षात चाळीस अंशांचा उतार निघाल्याचा अनुभव मी घेतला आहे. ज्या नकाशाला काही एमबी पुरतात तो सोडून एक जीबीचे चित्र उरावर घेऊन फिरण्यात मला अर्थ दिसत नाही.

दोन सेल
समोच्च यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. उताराबाबत चित्र फसवतेच, आणि कधीकधी तर ते चढाचा उतार करून दाखवते. उत्तर गोलार्धात चित्रात सूर्यप्रकाश बहुतेक वेळा दक्षिणेकडून, म्हणजे पडद्याच्या खालच्या बाजूने आलेला असतो, आणि आपल्या डोळ्यांना मात्र प्रकाश वरून येण्याची सवय असते. परिणामी दरी डोंगरासारखी फुगलेली दिसते आणि डोंगराची सोंड ओहोळासारखी खोल दिसते. एकदा मी आणि माझा सोबती यावर अर्धा तास वाद घालत बसलो होतो. यंत्र उलटे धरले तेव्हा डोंगर जागच्या जागी आले आणि वाद संपला.

उरलेले अर्धे मान्य नाही. झाडी कुठे विरळ होते, पाणी कुठे आहे आणि जुनी गाडीवाट कुठपर्यंत शिल्लक आहे, हे समोच्च रेषा कधीच सांगत नाहीत.

पायवाट
मोजणीदार, तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. फोल्डरमध्ये ९१,०००च्या वर फाइली आहेत. गुणधर्म उघडले तर आकार १७५ एमबी आणि कार्डावर व्यापलेली जागा २.८ जीबी असे दिसते आहे. हे दोन आकडे इतके वेगळे कसे, ते मला समजलेले नाही. झूम १७ पर्यंतच्या फाइली १०-२० केबीच्या आहेत. त्यावरच्या जवळजवळ सगळ्या एक केबीच्या आतल्या, आणि सगळ्यांचा आकार सारखाच. त्यातली एक नोटपॅडमध्ये उघडली. नाव .jpg असलेल्या त्या फाइलीत चित्र नव्हतेच. विनंत्यांची मर्यादा ओलांडल्याचा ४२९ क्रमांकाचा संदेश होता. म्हणजे रविवारी पहाटे मी एकच नकार ८५,००० वेळा उतरवून घेतला आणि पावणेदोन तास खर्चून तो यंत्रावर चढवला.

चकवा
एवढ्या चिकाटीने गोळा केलेला नकार मी याआधी पाहिलेला नाही.

मोजणीदार
आकार आणि व्यापलेली जागा यांतला फरक कार्डाच्या रचनेमुळे पडतो. ३२ जीबीचे कार्ड साधारणपणे फॅट३२ पद्धतीने आणि ३२ केबीच्या कप्प्यांत विभागलेले असते. फाइल एक केबीची असली तरी ती एक पूर्ण कप्पा अडवते. ९१,००० गुणिले ३२ केबी करून पाहा, तुमचे २.८ जीबी तिथे सापडतील. पावणेदोन तासांचे कारणही हेच आहे, कारण प्रत्येक फाइलीसाठी नोंद करणे, कप्पा शोधणे आणि तक्ता सुधारणे हे सोपस्कार करावे लागतात; तेवढाच मजकूर एका फाइलीत असता तर काही सेकंदांत किंवा फार तर मिनिटभरात गेला असता. घाई असेल तर यंत्र जोडण्याऐवजी कार्ड काढून संगणकाच्या कार्ड-वाचकात घालावे, कारण काही यंत्रांची यूएसबी जोडणी फारच संथ असते.

आता उपाय. चौकोन आखू नका, वाटेभोवतीचा पट्टा आखा. तुमची वाट ४५ किलोमीटरची धरली आणि दोन्ही बाजूंना सव्वा किलोमीटर घेतले, तर झूम १७ ला सुमारे १,२०० टाइल होतात. त्याखालच्या सगळ्या पायऱ्या घेतल्या तरी संख्या फार तर एक तृतीयांशाने वाढते, म्हणून त्या वगळू नका. दुरून पाहताना त्याच लागतात. झूम १८ हवा असेल तर तो फक्त नदीच्या आसपासच्या दोन किलोमीटरपुरता घ्या. आणि त्याआधी संगणकावर त्याच जागेचे झूम १७ आणि १८ शेजारी शेजारी ठेवून बघा. दुर्गम भागात वरची पायरी म्हणजे खालचेच चित्र ताणून मोठे केलेले असते, आणि आपण चौपट जागा देऊन तोच धूसरपणा घरी आणतो.

खडकमाळ
माझ्याकडे गार्मिनचे यंत्र आहे आणि मी तयार टाइल कधीच वापरत नाही. त्यातल्या कस्टम मॅप या सोयीत स्वतःचे चित्र केएमझेड फाइल (चित्र आणि त्याचे अक्षांश-रेखांश एकत्र बांधलेली फाइल) करून घालता येते. बऱ्याच मॉडेलांवर अशा १०० तुकड्यांची मर्यादा आहे आणि एक तुकडा १०२४ गुणिले १०२४ पिक्सेल व ३ एमबीच्या आत असावा लागतो. ऐकायला हे फार तोकडे वाटते. परंतु तुकडे चौकोनातच मांडले पाहिजेत असा काही नियम नाही, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतःचे चार कडांचे अक्षांश-रेखांश असतात. १.२ मीटरच्या पिक्सेलने एक तुकडा सव्वा किलोमीटरचा होतो. दोन तुकडे रुंद आणि पन्नास तुकडे लांब अशी माळ केली तर ६० किलोमीटरची वाट झाकली जाते. मी माळ वाटेच्या वळणांप्रमाणे वळवतो.

एकच खबरदारी घ्यावी. जेपीईजी साध्या प्रकारची असावी, 'प्रोग्रेसिव्ह' नसावी. संगणकावर दोन्ही सारख्याच दिसतात, यंत्र मात्र दुसरी दाखवत नाही. मला हे कळायला एक संपूर्ण सुट्टी लागली.

समोच्च
तुकडे हाताने बसवायचे म्हणजे ते चुकीच्या जागी बसण्याचीही सोय झाली. माझ्या एका मित्राने असेच चित्र बसवले होते आणि नदी नोंदवलेल्या ट्रॅकपासून पन्नास पावले बाजूला वाहत होती.

मोजणीदार
समोच्च यांच्या मित्राने बहुधा एकच मोठे चित्र वापरले असावे. वेबवरच्या टाइल मर्केटर प्रक्षेपणात असतात, त्यात अक्षांशांमधले अंतर ध्रुवाकडे वाढत जाते, आणि केएमझेडमध्ये मात्र चित्र वरपासून खालपर्यंत समान ताणले जाते. कडा बरोबर बसतात आणि मधला भाग सरकतो. ४५ अंश अक्षांशावर दक्षिणोत्तर ५० किलोमीटरचे एकच चित्र लावले, तर मध्यभागी सुमारे ५० मीटरांची चूक येते. खडकमाळ यांच्या सव्वा किलोमीटरच्या तुकड्यात ती काही सेंटिमीटर इतकीच उरते. चित्र क्यूजीआयएस किंवा जीडीएएल या नकाशाच्या मोफत प्रोग्रॅमने आधीच डब्ल्यूजीएस८४, म्हणजे जीपीएस वापरते त्या पद्धतीच्या अक्षांश-रेखांशांत रूपांतरित केले, तर हा प्रश्नच मिटतो.

डोंगराळ भागातली एक चूक मात्र आपल्या हातात नसते. उपग्रहाने तिरके पाहून घेतलेले चित्र उंचीचा नकाशा वापरून सरळ केलेले असते. तो उंचीचा नकाशा ३० मीटरने चुकला आणि उपग्रह २० अंश तिरका असला, तर जमिनीवर ११ मीटरांचा फरक पडतो. उघड्यावर जीपीएस स्वतः तीन ते पाच मीटरांत असते. तेव्हा कड्याच्या काठावर चित्र आणि जीपीएसचा ठिपका यांचे एकमत झाले नाही, तर पाय टाकताना दोघांपैकी कोणावरही विसंबू नये.

रानभूल
हे सगळे फोनवर पाच मिनिटांत होत असताना हँडहेल्डचा हा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून मीच विचारते.

दोन सेल
पावसात ओल्या बोटांनी फोनचा नकाशा सरकवून पाहा, उत्तर मिळेल. भर उन्हात माझ्या हँडहेल्डचा पडदा उलट अधिक स्पष्ट दिसतो, आणि सेल संपले तर खिशातले दोन नवे घालता येतात. फोन मी सोबत ठेवतो, पण बंद करून, पिशवीच्या तळाशी. चित्रांच्या बाबतीत मात्र फोन पुढे आहे हे मान्य करतो. तिथे एमबीटाइल्ससारख्या एकाच फाइलीत हजारो टाइल मावतात, त्यामुळे कप्प्यांचा हा घोळ उद्भवत नाही.

पायवाट
सर्वांच्या सूचनांप्रमाणे काल पुन्हा बसलो. पट्टा आखला, झूम १२ ते १७ घेतले, आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये दोन विनंत्यांमध्ये विराम ठेवण्याची सोय सापडली ती चालू केली. तत्पूर्वी चित्रे पुरवणाऱ्याच्या अटीही वाचल्या. रानभूल यांच्या अनुभवानंतर ते टाळणे शक्य नव्हते, आणि वाचल्यावर आधीचा पुरवठादार सोडून, मर्यादित क्षेत्र उतरवण्याची परवानगी देणारा दुसरा घेतला. सुमारे १,८०० फाइली झाल्या आणि वीस मिनिटांत काम आटोपले. एक केबीची एकही फाइल नाही, हे तीन वेळा पाहिले. कार्ड वाचकात घातले, दोन मिनिटांत सगळे गेले, आणि यंत्रावर पहिल्या दिवसाच्या झाडीपासून पठारापर्यंत वाट कशी स्वच्छ दिसली!

मग तिसऱ्या दिवसापर्यंत सरकवत गेलो. नदी जिथे ओलांडायची आहे, नेमका तिथे एक ढग आहे. पांढरा, गुबगुबीत, आणि शेजारी त्याची सावली. वरचे अर्धा किलोमीटर आणि खालचे अर्धा किलोमीटर पात्र अगदी वाळूच्या रेघांसकट दिसते.

चकवा
यंत्राने हवामानाचा अंदाजही द्यायला सुरुवात केली, त्याबद्दल अभिनंदन.

खडकमाळ
इथे सेंटिनेल-२ वापरून पाहा. युरोपीय कार्यक्रमाची ही चित्रे मोफत मिळतात, उतरवण्यावर आणि पुन्हा वापरण्यावर बंधन नाही. पहिला उपग्रह २०१५ साली आणि दुसरा २०१७ साली सोडला गेला, आणि दोन उपग्रह मिळून विषुववृत्तावरची तीच जागा दर पाच दिवसांनी टिपतात. म्हणजे आजचा ढग पुढच्या फेरीत नसण्याची शक्यता असते, आणि मागची कितीतरी वर्षे चाळून आपल्याला हवा तो महिना निवडता येतो. पिक्सेल मात्र १० मीटरचा आहे. पायाखालची वाट त्यात दिसणार नाही, पण तुमची नदी ६०-७० मीटर रुंद असेल तर सहा-सात पिक्सेल मिळतील.

मोजणीदार
खडकमाळ यांच्याशी सहमत. हा उपग्रह प्रत्येक प्रकारचा प्रकाश वेगळ्या पट्ट्यात टिपतो. त्यातही नैसर्गिक रंगांऐवजी आठवा पट्टा, म्हणजे जवळचा इन्फ्रारेड, लाल रंगात दाखवून पाहा. पाणी तो प्रकाश शोषून घेते म्हणून जवळजवळ काळे दिसते, वाळू उजळ दिसते आणि झाडी भडक लाल होते. गढूळ पाणी आणि ओली वाळू साध्या रंगात एकसारखी तपकिरी दिसतात. या चित्रात ती वेगळी होतात. खोली मात्र यावरून ठरवू नका. काळा रंग म्हणजे पाणी आहे एवढेच. ते गुडघ्यापर्यंत आहे की गळ्यापर्यंत, ते तिथे गेल्यावरच कळेल.

पायवाट
गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यातली ढगविरहित दोन चित्रे मिळाली, वीस दिवसांच्या अंतराची. ढगाखाली खरोखरच एक बेट आहे, पाच-सहा उजळ पिक्सेलांचे, आणि त्याच्या पलीकडचा प्रवाह एकाच पिक्सेलचा आहे. आणखी एक गोष्ट लक्षात आली. सुस्पष्ट चित्रात ढगाच्या खालच्या अंगाला जे लांबट बेट दिसते, ते या दोन्ही चित्रांत नाही. त्या सुस्पष्ट चित्राची तारीख शोधली तर ते सहा वर्षांपूर्वीचे निघाले. ते पाहून मी वेपॉइंट टाकला असता, तर भर प्रवाहात जाऊन उभा राहिलो असतो. आता नदीच्या टप्प्यापुरते हे लाल-काळे चित्र वेगळ्या थरात ठेवले आहे आणि वेपॉइंट पाच-सहा पिक्सेलवाल्या बेटावर टाकला आहे. पाणी वाढलेले दिसले तर वरच्या अंगाला असलेल्या पुलाकडे वळसा घालू. तो वळसा अकरा किलोमीटरचा आहे आणि त्याचाही पट्टा कार्डावर घेतला आहे.

समोच्च
चित्रांविषयीचे माझे मत फारसे बदललेले नाही, तरीही विचारतो. सेंटिनेल-२ चे ते प्रकाशाचे पट्टे वेगवेगळ्या फाइलींत उतरले आहेत आणि क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक पट्टा करडाच दिसतो आहे. लाल-काळे चित्र नेमके कसे करायचे?

मोजणीदार
रास्टर मेनूत 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर' आहे. आठवा, चौथा आणि तिसरा पट्टा याच क्रमाने निवडा आणि प्रत्येक फाइल स्वतंत्र पट्ट्यात ठेवण्याची खूण करा. जो नवा थर तयार होईल त्याच्या रंगांत पहिला पट्टा लाल, दुसरा हिरवा आणि तिसरा निळा असा लावा. चित्र फारच काळे वाटले तर घाबरू नका. किमान-कमाल मूल्ये पडद्यावर दिसणाऱ्या भागापुरती मोजायला सांगा, म्हणजे उजळेल.